मोटर रॅलीची गाडी करायचीय? पाना नंतर उचला, आधी रूलबुक

लोक पहिला प्रश्न विचारतात, किती हॉर्सपॉवर. अरे बाबा आधी क्लास ठरव! एफआयएची (मोटरस्पोर्टची जागतिक संघटना) क्लासची उतरंड रॅली ५ पासून रॅली १ पर्यंत जाते, खालच्या रॅली ५ आणि रॅली ४ टू व्हील ड्राइव्ह, रॅली ३ पासून फोर व्हील ड्राइव्ह. नवीन माणसाने खालूनच सुरू करावं असं माझं मत, कारण चारही चाकं ओढायला लागली की डिफरन्शियल, ड्राइव्हशाफ्ट सगळं वाढतं आणि जे वाढतं ते तुटतंच.

मग गाडीचा होमोलोगेशन फॉर्म बघा, म्हणजे त्या मॉडेलला काय काय मंजूर आहे त्याचा अधिकृत कागद. त्यात जे पार्ट आहेत तेच लावायचे, बाजारात भारी दिसलं म्हणून काहीतरी आणून बसवलं तर पैसे पाण्यात.

टर्बो असेल तर रेस्ट्रिक्टर समजून घ्या. टर्बोच्या तोंडाशी बसवलेलं अरुंद कडं असतं ते, रॅली २ ला ३२ मिमीचं. त्या भोकात हवा आवाजाच्या वेगाला पोचली की इंजिनने कितीही ओढू दे, जास्त हवा येतच नाही, म्हणून इंजिनवर पैसा ओतण्यापेक्षा सस्पेन्शनवर घाला. १९९५ ला टोयोटाच्या टीमने असं काही बनवलं होतं की टर्बोला पाइप क्लॅम्प केला की कडं गुपचूप सरकायचं आणि बाजूने जास्तीची हवा आत, कॅटलोनियाला पकडले गेले आणि वर्षभर बाहेर.

रोल केजमध्ये, म्हणजे गाडी उलटली तर आतल्या माणसांना वाचवणाऱ्या नळ्यांच्या पिंजऱ्यात, मात्र एक रुपया वाचवू नका. मेन हूपची (सीटमागची मुख्य कमान) नळी सीमलेस, म्हणजे बिनजोडाच्या स्टीलची, ४५ मिमी व्यास आणि २.५ मिमी जाडी किंवा ५० आणि २. वेल्डिंग जॉइंटच्या पूर्ण गोलाला पाहिजे, आणि गोची इथेच आहे, केज छताला एवढं चिकटून असतं की वरच्या बाजूला वेल्डिंगचा टॉर्च पोचत नाही. मग चांगले कारागीर फ्लोअरला भोकं पाडून केज तेवढं खाली उतरवतात, वरचे जॉइंट मारतात, परत उचलून भोकं बंद करतात. जुनी गाडी घेताना छोटा आरसा घेऊन जा आणि छताकडची बाजू बघाच.

खर्चाचं म्हणाल तर गाडीची किंमत ही नुसती एंट्री समजा. टायर, पेट्रोल, ब्रेक पॅड, रेकीला (आधी रस्ता बघून नोट्स काढायला) वेगळी गाडी, सर्व्हिसच्या पोरांचं राहणं-खाणं, शिवाय गिअरबॉक्स ठराविक किलोमीटरला उघडायचाच. हे सगळं मिळवून स्टेजच्या, म्हणजे वेळ लावून पळवायच्या बंद रस्त्याच्या किलोमीटरने भागा, जो आकडा येईल तो बायकोला दाखवू नका.

आणि तारखा! जुन्या ८८५५-१९९९ (एफआयएचा सीटचा स्टँडर्ड नंबर) वाल्या सीटचं आयुष्य ५ वर्षं, सीटबेल्टच्या लेबलवर मुदत संपायचं वर्ष असतं. मी सेकंडहँड बेल्ट घेतले होते, एकदम नव्यासारखे, लेबल वाचलंच नाही, स्क्रूटिनीला, म्हणजे रॅलीआधीच्या गाडीच्या तपासणीला, तपासणाऱ्या माणसाने फक्त बोट ठेवलं त्या वर्षावर. तो अख्खा वीकेंड मी मित्राच्या गाडीचे टायर बदलत होतो.