.२२ टार्गेट रायफलसाठी नेमका राउंड आणि अंगाला बसणारा स्टॉक कसा शोधायचा

एनसीसीच्या कॅम्पात पालथं पडून .२२ चे पाच राउंड मारलेत, एवढीच बऱ्याच जणांची या रायफलशी ओळख असते. २०२४ ला पॅरिसमध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून) ब्राँझ आणलं आणि तेव्हापासून आमच्या रेंजवर एअर रायफल करून .२२ कडे येणारी पोरं वाढलीत, आईबाप पण सोबत येतात, आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, दादा कुठली गोळी सगळ्यात भारी? तर कंपनीचं नाव सांगून इथे काही होत नाही. तुमच्या बॅरलला कुठला लॉट, म्हणजे कारखान्यात एका वेळी बनलेली राउंडची खेप, मानवतो ते तुम्हालाच मारून बघावं लागतं, आणि ते बघायच्या आधी दस्ता, म्हणजे आपण ज्याला स्टॉक म्हणतो तो, नीट बसलेला पाहिजे. हा क्रम उलटा झाला की पैसे पण जातात आणि महिने पण, माझे गेलेत म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो. .२२ ला परवाना लागतो आणि राउंडसुद्धा परवान्यावर लिहिलेत तेवढेच जवळ ठेवता येतात. खरेदी क्लब, असोसिएशन किंवा परवानाधारक डीलरकडूनच करायची. मित्राचा उरलेला डबा सहज आपल्या बॅगेत टाकून घरी आणला असं करू नका, त्याला कायद्यात माफी नाही. नवीन असाल तर क्लबची रायफल वापरा आणि खालचं सगळं कोचला सोबत घेऊनच करा.

आधी टार्गेट समजून घ्या

५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटरचं असतं, शर्टाच्या बटणाएवढं. गोळी ५.६ मिलिमीटरची धरतात. गोळीची कड रेघेला टेकली तरी दहा मिळतात, म्हणजे भोकाचा मध्य केंद्रापासून ८ मिलिमीटरच्या आत हवा. दशांशात मोजलं तर वरचा आकडा १०.९, आणि दर ०.८ मिलिमीटरला एक दशांश कमी होत जातो. आपल्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतनं २०१० ला म्युनिकच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये प्रोनला, म्हणजे पालथं पडून, ६०० पैकी ५९७ मारून गोल्ड घेतलं होतं, म्हणजे अख्ख्या ६० शॉटमध्ये गेले फक्त तीन पॉइंट.

आता गोळीकडे बघा. टार्गेटच्या राउंडमधली गोळी साधारण ४० ग्रेनची, म्हणजे २.६ ग्रॅम शिसं, आणि वेग सेकंदाला ३२५ ते ३३० मीटर. हा वेग मुद्दाम आवाजाच्या वेगाखाली ठेवलेला असतो कारण आवाजाचा वेग ओलांडून परत खाली येताना गोळी डळमळते. ५० मीटर जायला तिला ०.१६ सेकंदाच्या आसपास लागतं आणि तेवढ्यात ती साधारण १२ सेंटीमीटर खाली येते. साइट लावताना आपण हे भरून काढतो, पण सगळ्या राउंडचा वेग सारखा असेल तरच ते भरून निघतं. वेगात एक टक्का फरक पडला की गोळी सुमारे अडीच मिलिमीटर वरखाली जाते, तीन टक्के पडला तर सात मिलिमीटर, म्हणजे तुम्ही शॉट कितीही सुंदर सोडलेला असला तरी दहा जेमतेम कडेवर येतो, जरा हललात की गेला. स्वस्त प्रॅक्टिस राउंड आणि मॅच राउंड यांच्यातला मुख्य फरक हाच, एकाच डब्यातले पन्नास राउंड एकमेकांसारखे किती आहेत.

स्टॉकपासून सुरुवात करा

बोल्ट काढा, चेंबर रिकामं बघा, सेफ्टी फ्लॅग (चेंबर रिकामं असल्याची रंगीत खूण) घाला, मगच रायफलला हात लावा.

पहिले स्क्रू. ॲक्शन, म्हणजे बोल्ट बसतो तो धातूचा भाग, स्टॉकला दोन स्क्रूंनी धरलेली असते, पुढचा आणि मागचा. हे स्क्रू कमी जास्त घट्ट झाले की ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या भोकांचा झुबका, फाटतो. माझ्या पहिल्या स्वतःच्या रायफलला जवळजवळ दीड महिना मी गोळ्यांना दोष देत होतो, तीन वेगवेगळे डबे संपवले, दर दहा शॉटमध्ये दोन तरी कारण नसताना वर उजवीकडे आठ साडेआठला जायचे. शेवटी आमच्या रेंजवरच्या एका ज्येष्ठ शूटरनं रायफल हातात घेतली, बॅरल आणि फोरएंड (स्टॉकचा पुढचा भाग) जिथे मिळतात तिथे बोटाचं टोक दोन्हीवर एकदम टेकवलं आणि पुढचा स्क्रू हळूहळू सैल केला. मला म्हणाले बोट ठेव. ठेवलं तर बॅरल स्टॉकपासून वर उचललेली बोटाला चक्क कळत होती. म्हणजे ॲक्शन लाकडावर सपाट बसलेलीच नव्हती, स्क्रू तिला वाकवून खाली दाबून धरत होता, आणि पावसाळ्यात लाकूड फुगल्यावर तो दाब रोज बदलत होता. बेडिंग, म्हणजे ॲक्शन स्टॉकमध्ये सपाट बसवायचं काम, करून घेतलं आणि त्याच डब्यातल्या उरलेल्या राउंडनी ग्रुप निम्म्यावर आला.

ही बोटाची टेस्ट फुकट आहे, पाच मिनिटांची आहे, प्रत्येकाने करावी. काहीच हालचाल जाणवली नाही तर उत्तम. जाणवली तर बेडिंगचं काम माहितगार गनस्मिथकडून करून घ्या, घरी इपॉक्सी ओतत बसू नका. स्क्रू टॉर्क रेंचनी (किती जोर लागला ते दाखवणारा पाना) आवळा, दोन्ही थोडे थोडे आलटून पालटून. आकडा तुमच्या रायफलच्या मॅन्युअलमधला घ्या, जर्मनीच्या आन्शुट्झ कंपनीच्या ५४ ॲक्शनला साधारण ५ न्यूटन मीटर लावतात, आणि दर वेळी तोच आकडा ठेवा. रायफलच्या बॅगेत एक वही ठेवून त्यात लिहून ठेवलं की नंतर डोकं चालवावं लागत नाही.

मग माप. स्टॉक चांगला म्हणजे महाग किंवा ॲल्युमिनियमचा असं काही नाही, तो तुमच्या हाडामांसाला बसतो का एवढंच बघायचं. पोझिशन घ्या, डोळे मिटा, मान पूर्ण सैल सोडून गाल चीकपीसवर, म्हणजे स्टॉकवरच्या गालाच्या टेकूवर, पडू द्या, दोन श्वास घ्या आणि डोळे उघडा. मागच्या साइटच्या भोकात पुढची रिंग बरोबर मधोमध दिसली पाहिजे. रिंग वर दिसत असेल तर तुमचा डोळा उंच आहे, चीकपीस थोडा खाली घ्या, खाली दिसत असेल तर उंच करा, एका बाजूला दिसत असेल तर चीकपीस आत बाहेर सरकवा. मान वाकवून किंवा ताणून रिंग मधोमध आणायची नाही, कारण साठाव्या शॉटला ती मान दमलेली असते आणि तुम्हाला ते कळतही नाही. बटप्लेटची, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या टोकाची, लांबी अशी हवी की पकडीवरचा हात सैल राहून बोटाचं पेर ट्रिगरवर सरळ मागे येईल. प्रोनमध्ये हँडस्टॉप (पुढचा हात अडवणारा तुकडा) मागेपुढे करून बघा, पण स्लिंगचा, म्हणजे दंडाला बांधायच्या पट्ट्याचा, हात जमिनीशी ३० अंशांपेक्षा खाली चालत नाही हे लक्षात ठेवा, नियम आहे, आणि रायफलचं सगळ्या सामानासकट वजन ८ किलोच्या आत पाहिजे. एका वेळी एकच गोष्ट बदला. चीकपीस, बटप्लेट आणि हँडस्टॉप तिन्ही एका संध्याकाळी हलवले की कशाने काय झालं हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

लाकूड की ॲल्युमिनियम? मुंबई कोकणातल्या दमट हवेत लाकडाच्या स्टॉककडे लक्ष द्यावं लागतं, ॲल्युमिनियमला तो त्रास नाही आणि त्याची ॲडजस्टमेंट पण जास्त. पण नीट बेडिंग केलेला जुना अक्रोडाचा स्टॉक आजही कुठे कमी पडत नाही असं माझं स्पष्ट मत आहे, वाढत्या वयाच्या पोराला तर आधी ॲडजस्ट होणारा चीकपीस आणि बटप्लेट द्या, बाकी नंतर. जुना स्टॉक घेताना एक नक्की बघा, आन्शुट्झची ६४ ॲक्शन ५४ च्या स्टॉकमध्ये बसत नाही आणि वॉल्थरची यातल्या कशातच नाही, फोटो बघून पैसे पाठवू नका. बाहेरून मागवायचा असेल तर आधी असोसिएशनला विचारून मगच ऑर्डर द्या.

आता राउंड

मॅचच्या दर्जात सगळीकडे दिसणारी नावं तीनच, इंग्लंडची एली टेनेक्स, जर्मनीची आरडब्ल्यूएस आर५०, आणि लापुआची एक्स-ॲक्ट किंवा मिडास प्लस. त्याखाली एली टीम, एली मॅच, आरडब्ल्यूएस रायफल मॅच, लापुआ सेंटर एक्स, आणि प्रॅक्टिसला एसके. शिकणाऱ्याला एसके भरपूर झाली, सरासरी ९.५ मारणाऱ्या पोझिशनला टेनेक्स देऊन फरक पडत नाही.

डब्यावर लॉट नंबर छापलेला असतो, खरी ओळख ती. एकाच नावाचे दोन लॉट तुमच्या बॅरलमधून अगदी वेगळे वागू शकतात, आणि तुमच्या मित्राचा लाडका लॉट तुमच्याकडे पसरू शकतो, दोघांच्या रायफली एकाच मॉडेलच्या असल्या तरी. एलीच्या डब्यावर त्या लॉटचा वेगही फूट प्रति सेकंदात छापलेला असतो, त्याच्यामागे लागून बरेच जण एकच आकडा शोधत फिरतात, मी ते सोडून दिलं. बॅरल प्रत्येक शॉटला थरथरते आणि गोळी नेमकी कुठल्या क्षणी बाहेर पडते त्यावर वेगातला थोडा फरक कधी कधी भरूनही निघतो, त्यामुळे कागदावरच्या आकड्यापेक्षा टार्गेटवरची भोकं खरी.

टेस्ट अशी करा. चार पाच वेगवेगळ्या लॉटचे दोन-तीन डबे मिळवा, क्लबमध्ये चौघांनी मिळून घेतले तर परवडतं. दिवस निवडा वारा नसलेला, सकाळी सातच्या आत, दुपारच्या वाऱ्यात केलेली टेस्ट फुकट जाते. बॅरल नेहमी जशी साफ करता तशीच करा. प्रत्येक ब्रँड बदलताना आधी १५-२० राउंड नुसते मातीत मारा, कारण प्रत्येक कंपनीचं गोळीवरचं मेण वेगळं आणि आधीच्या मेणाचा थर बॅरलमध्ये असेपर्यंत नवीन राउंड खरं वागतच नाही. ही पायरी लोक हमखास गाळतात आणि मग म्हणतात ही गोळी आपल्याला चालत नाही.

व्हाइस (रायफल घट्ट पकडणारा शिकंजा) असेल तर रायफल त्यात बांधा. नसेल तर वाळूच्या पिशव्यांवर, नाहीतर स्लिंग लावून प्रोनमध्ये. पाच शॉटचा ग्रुप बघून निर्णय घेऊ नका, पाच शॉट नशिबानेही एका भोकात जातात. प्रत्येक लॉटचे दहा दहा शॉटचे चार ग्रुप मारा, तेही एका लॉटचे सलग चार असं नको, पहिल्या लॉटचा एक, दुसऱ्याचा एक, तिसऱ्याचा एक, परत पहिला, मेण बसवायचे राउंड दर वेळी धरून. राउंड जास्त जातात हे खरं, पण सलग मारले तर शेवटच्या लॉटला तुमचा दमलेला खांदा भोगावा लागतो. शक्य असेल तर डबे कोचकडे द्या आणि राउंड त्यांना हातावर देऊ दे, कुठला लॉट आहे ते तुम्हाला कळता कामा नये. भारी डबा समोर दिसला की आपण शॉट जास्त जपून सोडतो, मी स्वतःवर हे करून बघितलंय, लपवून टेस्ट केल्यावर माझा पहिला नंबर तिसऱ्यावर गेला.

चांगल्या बॅरलमधून चांगला लॉट व्हाइसवर दहा शॉटमध्ये बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत १५ मिलिमीटरच्या आसपास राहतो. खांद्यावरून मारताना त्यात तुमची हालचाल मिसळणार, तेव्हा आकड्यापेक्षा लॉटची एकमेकांशी तुलना करा. सगळ्यात छोटा एक ग्रुप देणारा लॉट घेऊ नका, ज्याचे चारही ग्रुप साधारण सारखे आले आणि ज्यात वाट चुकलेला एकही शॉट नाही तो घ्या. मॅचला तो एक भरकटलेला ८.९ च मारतो.

परदेशात स्पर्धेला जाणाऱ्यांसाठी शॉर्टकट आहे, लापुआचं जर्मनीत शोनेबेकला आणि एलीचं इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला टेस्ट सेंटर आहे, तिथे बॅरल बांधून एकामागून एक लॉट मारून दाखवतात आणि आवडला तो तिथेच राखून ठेवता येतो. सगळ्यांना हे जमत नाही, पण मुलगा टीममध्ये जाणार असेल तर आधी वेळ मागून ठेवा.

राउंडची जाडी मोजणं, वजन करून वेगळे करणं, यात मी एक हिवाळा घालवला. टार्गेटवर फरक दिसला नाही, तो वेळ ड्राय फायरिंगला, म्हणजे राउंड न भरता ट्रिगर दाबायच्या सरावाला, द्या.

लॉट सापडल्यावर

लगेच, म्हणजे त्याच आठवड्यात, परवान्यात आणि खिशात बसतील तेवढे घ्या, कारण लॉट संपला की तो परत बनत नाही. पेटी ताब्यात घेताना प्रत्येक ब्रिक (डब्यांचा गठ्ठा) उघडून लॉट नंबर स्वतः वाचा. मला एकदा सांगितलेल्या लॉटऐवजी त्याच नावाचा दुसरा लॉट आला होता, मी न बघता सही केली आणि स्टेटच्या मॅचला सायटर्समध्येच (मॅचच्या आधीचे सरावाचे शॉट) ग्रुप उघडलेला बघून पोटात गोळा आला. मे महिन्यात डबा गाडीत ठेवू नका, मेण पघळतं. घरी कायद्याप्रमाणे कुलपात, कोरड्या जागी, आणि रेंजवर डबा उन्हात न ठेवता मॅटखाली सावलीत. मातीत पडलेला राउंड पुसून परत भरू नका, एक कण बॅरलमध्ये गेला तर ती बॅरल आयुष्यभर लक्षात ठेवते.

शेवटची ब्रिक उघडायच्या आधी त्यातले दोन डबे बाजूला काढा, वर मार्करनं लॉट आणि तारीख लिहा आणि कितीही मोह झाला तरी मॅचला वापरू नका. पुढचा लॉट शोधायला बसाल तेव्हा त्या सकाळी पहिला ग्रुप याच डब्यातला मारायचा. तो नेहमीसारखा आला तर रायफल आणि तुम्ही ठीक आहात, नवीन डबे उघडा. नाही आला तर नवीन डब्यांना हात लावू नका, टॉर्क रेंच काढा आणि पुढच्या स्क्रूपासून बघायला लागा.