दुकानात जाताना सरगोधा आणि फूटपट्टी सोबत न्या

संरक्षणशास्त्राला नुकताच प्रवेश घेतलेली किंवा नुसतंच विमानांचं वेड असलेली मुलं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "दादा, कुठलं पुस्तक घेऊ?" माझं उत्तरही ठरलेलं. इतक्यात काही घेऊ नकोस. आधी हवाई युद्धातला एक प्रसंग नीट माहीत करून घे आणि तो मनात ठेवून पुस्तकं चाळ.

माझा नेहमीचा प्रसंग ७ सप्टेंबर १९६५ चा. त्या दिवशी आपल्या मिस्टेअर विमानांनी आदमपूरहून उडून पाकिस्तानच्या सरगोधा तळावर हल्ला चढवला. स्क्वाड्रन लीडर ए. बी. देवय्या खरं तर राखीव वैमानिक. पण ते मोहिमेत सामील झाले आणि परतले नाहीत. त्यांचं पुढे काय झालं, हे आपल्याकडे बरीच वर्षं कुणाला माहीत नव्हतं. मिस्टेअरपेक्षा कितीतरी वेगवान असलेल्या एका पाकिस्तानी स्टारफायटर विमानाशी त्यांनी एकट्याने झुंज घेतली आणि ते पाडलं, हा उलगडा झाला तो १९७९ मध्ये आलेल्या एका ब्रिटिश लेखकाच्या पुस्तकातून, आणि त्या लेखकाला माहिती पुरवली होती पाकिस्तानी हवाई दलाने! स्टारफायटरचा वैमानिक पॅराशूटने उतरून वाचला होता. देवय्यांना महावीर चक्र मिळालं ते १९८८ मध्ये, मरणोत्तर.

आता १९६५ वरचं कुठलंही पुस्तक हातात घ्या आणि थेट शेवटची सूची उघडा. सूचीच नसेल तर पुस्तक परत फळीवर. असेल तर सरगोधा काढा. देवय्यांचा उल्लेख आहे का? ती माहिती कुठून आली, हे लेखक सांगतो का? त्याच दिवशी पाकिस्तानी वैमानिक एम. एम. आलमने काही क्षणांत आपली पाच हंटर विमानं पाडल्याचा दावा आहे, आणि आपल्या बाजूला तो मान्य नाही. जो लेखक हा दावा जसाच्या तसा छापतो त्याच्यापासून जपून राहा, आणि जो त्याचा उल्लेखही टाळतो त्याच्यापासूनही. कुणी काय सांगितलं आणि समोरच्याच्या नोंदीत त्या दिवशी किती विमानं कमी झाली, हे शेजारी शेजारी मांडणारा लेखक मिळाला की थोडे पैसे जास्त गेले तरी हरकत नाही. पाकिस्तानी लेखक वाचायला आपल्याकडे उगाच संकोच वाटतो. देवय्यांची गोष्ट त्यावरचा उतारा आहे.

सेनाधिकाऱ्यांच्या आठवणी जरूर वाचा, पण आकड्यांसाठी नको. एअर चीफ मार्शल पी. सी. लाल १९६५ मध्ये उपप्रमुख आणि १९७१ मध्ये हवाई दलप्रमुख होते. अशा माणसाच्या लिखाणातून निर्णय कसे झाले, कोण कुणाशी बोलत नव्हतं, हे कळतं. ते दुसरीकडे मिळत नाही.

विमानांच्या तांत्रिक पुस्तकांची परीक्षा वेगळी. तिथे खिशात फूटपट्टी हवी. (दुकानदार बघत राहतो, बघू दे.) आपल्या हवाई दलाच्या छोट्या नॅट विमानाचं उदाहरण घ्या. एकआसनी लढाऊ नॅटच्या पंखांची टोकापासून टोकापर्यंतची रुंदी ६.७३ मीटर, म्हणजे १/७२ प्रमाणाच्या रेखाटनात साधारण ९.३ सेंटीमीटर यायला हवी. १०.२ च्या आसपास आली तर ते दोनआसनी प्रशिक्षण विमान आहे, त्याचे पंख मोठे असतात. ब्रिटिश पुस्तकांत फोटो बहुधा रेड ॲरोज या ब्रिटिश हवाई कसरतींच्या पथकाने उडवलेल्या या दोनआसनी नॅटचे असतात. १९६५ आणि १९७१ ला आपण लढलो ते एकआसनी नॅटवर. दोन्हींची मापं एकाच तक्त्यात कालवणारी गुळगुळीत पानांची पुस्तकं भरपूर आहेत.

आवृत्तीचं सालही बघा. सप्टेंबर १९७६ मध्ये सोव्हिएत वैमानिक बेलेन्को मिग-२५ घेऊन जपानला पळाला आणि त्या विमानाबद्दलचे पाश्चात्त्यांचे बरेच समज एका झटक्यात कोसळले; टायटॅनियमचं समजलं जाणारं ते धूड मुख्यतः पोलादाचं निघालं. त्याआधीची पुस्तकं तेव्हाची भीती समजून घ्यायला उत्तम, माहितीसाठी निरुपयोगी. १९०९ पासून निघणाऱ्या 'जेन्स'च्या विमान-वार्षिकाचे जुने अंक मी म्हणूनच सोडत नाही. नव्याची किंमत विद्यार्थ्याने विचारूसुद्धा नये.

पुण्यात हे सगळं शोधायचं कुठे? अप्पा बळवंत चौकात पाठ्यपुस्तकांचा आणि स्पर्धा परीक्षांचा जोर, तिथे वेळ घालवू नका. विद्यापीठात असाल तर आधी जयकर ग्रंथालयात जाऊन बसा. महागडी पुस्तकं तिथेच तपासून घ्यावीत. विकत घ्यायची तर कॅम्पातले जुन्या पुस्तकांचे विक्रेते बघा. निवृत्त फौजी पुण्यात पुष्कळ, त्यांचे संग्रह कधी ना कधी बाहेर पडतात. अशा पुस्तकांच्या समासात पेन्सिलीच्या खुणा दिसल्या तर त्या खोडू नका. "या तारखेला आमची स्क्वाड्रन इथे नव्हती" अशी एक ओळ असेल, तर तपासायला नवा प्रसंग फुकटात मिळाला.