स्पॅनिश बोलताना या चुका टाळा

स्पॅनिशचं वाक्य आपण मनात आधी इंग्रजीत जुळवतो आणि तिथेच घोळ होतो. खरं तर बऱ्याच ठिकाणी मराठी जास्त जवळची आहे.

'गुस्तार' (आवडणे) घ्या. 'मला आंबा आवडतो' यासाठी 'यो गुस्तो एल मांगो' तोंडात येतं. ते चूक. बरोबर वाक्य 'मे गुस्ता एल मांगो': मे म्हणजे मला, गुस्ता म्हणजे आवडतो. आंबे अनेक झाले की आपण 'आवडतात' म्हणतो, तसंच 'मे गुस्तान लोस मांगोस'. क्रियापद आंब्यांप्रमाणे बदलतं, खाणाऱ्याप्रमाणे नाही. नाव घेतलं तर 'आ मारिया ले गुस्ता एल मांगो'. यातला 'ले' (तिला) हमखास गळतो, तो गाळू नका.

'आ मारिया'तला हा 'आ' कर्मालाही लागतो. सिनेमा बघतो: 'वेओ ला पेलिकुला'. आईला बघतो: 'वेओ आ मि माद्रे'. आपण माणसाला 'ला' लावतो, वस्तूला बहुधा लावत नाही, इथेही तेच.

पण मराठी दगाही देते. 'माझं डोकं दुखतंय' यावरून 'मि काबेसा दुएले' म्हणू नका. 'मे दुएले ला काबेसा' म्हणा. भूक लागली असेल तर 'मे' चालत नाही: 'तेंगो आम्ब्रे', म्हणजे शब्दशः माझ्याकडे भूक आहे. तहान (सेद), झोप (सुएन्यो), उकाडा (कालोर) आणि वय, सगळ्यांना 'तेंगो'च. 'तेंगो 25 आन्योस' म्हणताना 'न्य' स्पष्ट हवा, कारण 'आनो' म्हणजे गुदद्वार. उकडतंय म्हणून 'एस्तोय कालिएन्ते' तर मुळीच नको, त्यातून कामुक अर्थ निघतो.

'आहे'साठी दोन क्रियापदं, सेर (वाक्यात 'एस') आणि एस्तार (वाक्यात 'एस्ता'). 'कायमचं ते सेर, तात्पुरतं ते एस्तार' हा नियम पाठ केलात तर फसाल: मेलेल्या माणसालाही 'एस्ता मुएर्तो' म्हणतात. गुणधर्म किंवा ओळख असेल तर सेर, स्थिती असेल तर एस्तार. 'एल इएलो एस फ्रिओ', बर्फ गार असतो. 'ला सोपा एस्ता फ्रिआ', सूप गार झालंय. वाक्यात 'असतो' बसतं की 'झालंय', हे बघितलं की बहुतेक वेळा उत्तर मिळतं. ठिकाणाला एस्तार, पण समारंभ कुठे आहे हे सांगताना सेर: 'ला फिएस्ता एस एन मि कासा', पार्टी माझ्या घरी आहे.

लिंग मराठीवरून ठरवू नका. आपला हात पुल्लिंगी, 'ला मानो' स्त्रीलिंगी. शेवटी 'आ' म्हणजे स्त्रीलिंगी, यावरही विसंबू नका. 'एल मापा', 'एल प्रोब्लेमा' पुल्लिंगी आहेत. नाम 'एल' (पुल्लिंगी) किंवा 'ला' (स्त्रीलिंगी) यांच्यासकटच पाठ करा. पाण्याला मात्र जपून: 'आग्वा' स्त्रीलिंगी आहे, सुरुवातीच्या, जोर देऊन म्हटलेल्या 'आ'मुळे तेवढा 'एल' लागतो. म्हणून 'एल आग्वा फ्रिआ', 'फ्रिओ' नाही; अनेकवचनात सरळ 'लास आग्वास'.