घरातली सोलापुरी चादर वाचायची कशी आणि तिच्यातून आपली नक्षी काढायची कशी

काहीतरी सुचेल म्हणून मोबाइलवर चित्रं सरकवत बसलं की तासाभराने डोळे चुरचुरतात आणि वही कोरीच राहते. तिथलं प्रत्येक चित्र कोणीतरी पुरं करून ठेवलेलं असतं, त्यात आपण हात घालायचा कुठे ते कळत नाही. चादरीचं तसं नाही. ती कशी बनली हे तिच्याच अंगावर दिसतं, आणि जे कसं बनलं ते दिसतं त्यात बदलही करता येतो. सोलापूरकरांच्या घरात निदान एक तरी जाड जुनी चादर असतेच. सुरुवात तिथून करा.

साहित्य फार लागत नाही: शाळेची आलेखवही, एचबी पेन्सिल, खोडरबर, शिंप्याची टेप, साधं भिंग, चार टाचण्या आणि रंगीत पेन्सिली दोन. दोनच. अख्खा डबा उघडला की माणूस रंगवत बसतो, नक्षी राहून जाते. आलेखवहीची १ मिमीची चौकट भरायला फार बारीक पडते, म्हणून २ मिमी बाय २ मिमीचं एक घर धरा. १८ सेमी रुंदीत अशी ९० घरं बसतात, तेवढी पुरतात.

चादर मात्र विणलेल्या नक्षीची घ्या. छापील बेडशीट इथे उपयोगाची नाही, कारण तिच्यातली नक्षी कापडावर बसलेली असते, धाग्यात नसते. आता चादर उलटी करा. वर लाल मोर आणि पांढरी जमीन, म्हणजे नक्षीमागचा भाग, असेल तर खाली पांढरा मोर आणि लाल जमीन दिसेल. मोराच्या अंगावर, जिथे एकाच रंगाचा मोठा भाग आहे, तिथे दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून हलकेच ओढा. कापडाचे दोन पदर सुटे होतात. मोराच्या कडेवर तसंच करून बघा, तिथे पदर सुटत नाहीत. ही दुहेरी वीण. दोन रंगांची दोन कापडं एकाच वेळी विणली जातात आणि नक्षीच्या कडेवर एकमेकांत जागा बदलतात. म्हणजे सगळा खेळ कडेचा आहे. नक्षी काढताना आकार भरत सुटू नका, आधी कड ठरवा.

धागा वर उचलायचा की नाही हे मागावरचं जॅकार्ड नावाचं यंत्र ठरवतं. फ्रान्समधल्या ल्यों शहरात जोसेफ मारी जॅकार्डने १८०४ च्या सुमारास हे यंत्र बसवलं. पुठ्ठ्याच्या कार्डाला भोक असेल तर सुई आरपार जाते, हूक जागेवर राहून वर उचलला जातो आणि त्याच्याबरोबर ताण्याचा, म्हणजे उभा, धागाही. भोक नसेल तर सुई मागे ढकलली जाते, हूक सुटतो, धागा खालीच राहतो. हल्ली बऱ्याच ठिकाणी कार्डाच्या जागी संगणक आला, पण प्रश्न तोच: हो की नाही. तुमच्या वहीतलं भरलेलं आणि रिकामं घर म्हणजे हेच. त्यामुळे अर्धं भरलेलं घर, तिरकी रेघ, फिकट सावली हे प्रकार इथे चालत नाहीत.

पहिलं काम रिपीट, म्हणजे नक्षीचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, शोधण्याचं. मोराच्या चोचीच्या टोकाला टाचणी लावा. आडव्या दिशेने पुढच्या अगदी तशाच चोचीला दुसरी, उभ्या दिशेने तिसरी. मोर एकाआड एक उलट तोंडाचे असतील तर त्याच बाजूला तोंड केलेला मोर धरायचा, शेजारचा नाही. इथे हटकून चूक होते आणि रिपीट निम्माच मोजला जातो. दोन्ही अंतरं टेपने मोजून पानाच्या कोपऱ्यात लिहा.

मग धागे मोजा. टेपवर १ इंच धरून, भिंगाखाली टाचणीच्या टोकाने एकेक धागा सरकवत, फक्त वरच्या पदरातले. आधी उभे, म्हणजे ताणा, मग आडवे, म्हणजे बाणा. दोन आकडे सहसा सारखे येत नाहीत, आणि नवशिक्यांची नक्षी बिघडते ती इथेच. समजा ताण्याचे ४० आणि बाण्याचे ३२ आले. १ इंचाचा गोल हवा असेल तर तो ४० घरं रुंद आणि ३२ घरं उंच काढावा लागेल. वहीत तो बसका, चेपल्यासारखा दिसेल, कापडावर गोल येईल. वहीत छान गोल दिसावा म्हणून ४० बाय ४० काढलात तर ४० बाण्यांना सव्वा इंच लागेल आणि कापडावर उभं अंडं येईल. वहीतलं रूप डोळ्यांना खटकलं तरी आकड्यावर विश्वास ठेवा.

नक्षी फक्त भरतकामासाठी हवी असेल तर हा हिशोब सोपा होतो. १४ काउंटच्या मॅटीवर उभे-आडवे दोन्हीकडे इंचाला १४ चौकोन, म्हणून ५६ घरांची नक्षी बरोबर ४ इंच भरते.

उतरवताना सगळं उतरवायची गरज नाही. बहुतेक फुलं आणि कोयऱ्यांच्या जोड्या मधल्या रेषेवर दुमडलेल्या असतात. पावडरच्या डबीतला आरसा त्या रेषेवर उभा धरला की खात्री होते. तसं असेल तर अर्धाच भाग काढा, उरलेला उलटा उतरवा. फक्त मधली ओळ दोनदा मोजू नका. ती दोनदा आली की फुलाचा देठ एकदम जाड होतो, आणि नेमकं काय चुकलं ते लवकर लक्षात येत नाही. रुंदी विषम ठेवली, ३१ किंवा ४१ घरं, तर ही अडचण येतच नाही.

वळणांच्या पायऱ्याही मोजून घ्याव्या लागतात. गोलाई गुळगुळीत दिसायला पायऱ्यांची लांबी क्रमाने कमी व्हायला हवी: ५, ३, २, १, १. त्याऐवजी ५, २, ४, १ अशी गेली की कड खडबडीत दिसते. खोडरबर सगळ्यात जास्त इथेच झिजतो, आणि झिजू द्यावा.

इथपर्यंत नक्कल झाली. आता बदल, आणि एका वेळी एकच. आधी रंग उलटे करून बघा. कधी कधी जमिनीतच नवा आकार निघतो, विशेषतः दोन पानांच्या मधल्या फटीत. मग दुसऱ्या स्तंभातली नक्षी अर्ध्या रिपीटने खाली सरकवा. त्यासाठी रिपीटची उंची सम हवी, नाहीतर एक ओळ उरते आणि सांधा दिसतो. शेवटी मोर काढून तिथे तुमच्या छंदातली एखादी वस्तू बसवा. बागकाम करणाऱ्याने तरवडीचं पान घ्यावं, स्वयंपाकात रमणाऱ्याने भुईमुगाच्या शेंगा. शेंगेला कंबर असते, म्हणून १२ बाय ३० घरांतही ती लगेच ओळखू येते. कडक भाकरी दिसायला सोपी, पण नक्षीत ती नुसती टिकली होते. तिच्यावरचे फोड एकसारखे न ठेवता तीन वेगवेगळ्या आकारांचे ठेवले तर कुठे ती भाकरी वाटते. आकार जमला की नाही हे बघायला वही हातभर लांब धरून डोळे बारीक करा. काय आहे ते सांगावं लागलं, तर तपशील वाढवून उपयोग नाही, बाह्यरेषाच बदलावी लागेल.

चादर चार-पाच पानं भरेल इतकं देते. नंतर बाहेर पडा, पण एका फेरीत एकच प्रश्न घेऊन.

पाट्यांची फेरी सगळ्यात फळते. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषांच्या वळणांचं गाव आपल्याकडे आयतंच आहे. देवनागरी अक्षर शिरोरेघेला टांगलेलं, त्यात उभा काना, त्यामुळे १२ घरांच्या उंचीतही ते नीट बसतं. कन्नड-तेलुगूच्या गोलाईला निदान २० घरं द्या, नाहीतर गोल चौकोनी होतात. उर्दूचा नस्तालीक उजवीकडून वरून डावीकडे खाली घसरतो. त्याला घरांत कोंबू नका, मोकळ्या कागदावर काढा.

नवरात्राच्या दिवसांत सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू घरांतल्या बायका बतुकम्मा रचतात. ताटात फुलांचे गोल थर एकावर एक चढवत शंकू करतात: पिवळा तरवड, पांढरट-गुलाबी कुरडू, मधे झेंडू. रंगांचा क्रम शिकायला याहून बरी जागा नाही. चित्र काढू नका. खालून वर थर मोजा आणि वहीत नुसते रंगीत पट्टे ओढा, थर जेवढा जाड तेवढाच पट्टा जाड. फोटो काढण्याआधी विचारा, आणि फेर सुरू झाला की मधे जाऊ नका.

संक्रांतीला सोलापुरात भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेत ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या सात नंदीध्वजांच्या वाटेवर रांगोळ्या असतात. ठिपक्यांची रांगोळी आलेखवहीत उतरवताना मात्र फसगत होते. ११ ते ६ ठिपक्यांच्या रांगोळीत एकूण ९१ ठिपके, आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीच्या फटीत बसते. ठिपके २ सेमीवर असतील तर ओळींमधलं अंतर साधारण १.७ सेमी हवं. तेही २ सेमी ठेवलं तर षटकोन उभा ताणला जातो. घरं भरायचा नाद इथे सोडा आणि ठिपक्यांचं वेगळं पान आखा.

रंग बघायला सकाळी सात ते साडेआठ. एप्रिल-मे महिन्यात दुपारी बारानंतर आपल्याकडच्या उन्हात लाल आणि केशरी दोन्ही सारखेच पांढुरके दिसतात, आणि फोटोत तर आणखीच. दोन रंग एकमेकांशेजारी उठतील का अशी शंका असली की फोटो काळा-पांढरा करून बघा. दोन्ही एकाच राखाडीत गेले तर एक रंग गडद करा. गर्द लाल आणि गर्द हिरवा ही जोडी याच कारणाने लांबून मिसळून जाते.

प्रत्येक पानावर तारीख, जागा आणि धाग्यांचे दोन आकडे लिहा. समोरासमोरची पानं एकमेकांना घासून पेन्सिल पुसट होते, म्हणून मधे बटर पेपर ठेवा किंवा पक्क्या झालेल्या कडा काळ्या पेनाने गिरवून घ्या. आत भरलेली घरं पेन्सिलीतच राहू द्या, रंग उलटायची वेळ परत येतेच.