वाचनालयाची वेबसाइट: पुस्तकाचं पान वेगळं, कार्यक्रमाचं वेगळं

वाचनालयाच्या साइटवर लेख, पुस्तकं आणि कार्यक्रम सगळेच 'पोस्ट' म्हणून भरले की घोळ होतो. पुस्तकाला लेखक, प्रकाशक, पृष्ठसंख्या हवी. कार्यक्रमाला दिवस, वेळ, स्थळ. त्यात पानावर पोस्ट टाकल्याची तारीख ठळक दिसत असेल, तर लोक तीच कार्यक्रमाची समजतात आणि चुकीच्या दिवशी येतात. वर्डप्रेसमध्ये (वेबसाइट चालवायचं सॉफ्टवेअर) प्रत्येक प्रकार स्वतंत्र नोंदवून त्याला स्वतःचं टेम्प्लेट, म्हणजे पानाचा साचा, देता येतं. पुढची कृती क्लासिक थीमसाठी, म्हणजे पानांची मांडणी पीएचपी फाइलींतून ठरवणाऱ्या थीमसाठी, आहे. फाइलींची आणि कोडमधली नावं टाइप करताना लहान रोमन अक्षरं वापरा.

आधी प्रकार नोंदवा. 'रजिस्टर_पोस्ट_टाइप' हे फंक्शन 'इनिट' हुकवर (वर्डप्रेस सुरू होताना आपला कोड जोडायची जागा) चालवा, पण कोड थीममध्ये नको, छोट्या प्लगिनमध्ये (साइटला वेगळा जोडायचा कोड) ठेवा. थीममध्ये असला तर थीम बदलताच सगळी पुस्तकं डॅशबोर्डवरून गायब होतात. डेटाबेसमध्ये ती शाबूत असतात, पण तोवर जीव टांगणीला लागतो. प्रकाराचं नाव, उदाहरणार्थ 'बुक', 20 अक्षरांच्या आत बसवा. 'हॅज_आर्काइव्ह' ट्रू ठेवा, नाहीतर यादीचं पान तयारच होत नाही. 'शो_इन_रेस्ट' ट्रू नसेल तर ब्लॉक एडिटर उघडत नाही.

आता चाइल्ड थीम, म्हणजे मूळ थीमवर आधारलेली आपली वेगळी थीम, करा. मूळ थीममध्येच बदल केले तर पुढच्या अपडेटला ते पुसले जातात. मूळ थीममधली 'सिंगल.पीएचपी' चाइल्ड थीममध्ये कॉपी करून तिचं नाव 'सिंगल-बुक.पीएचपी' ठेवा. वर्डप्रेस आधी ही फाइल शोधतं, ती नसेल तर 'सिंगल', मग 'सिंग्युलर', शेवटी 'इंडेक्स'. म्हणजे नावात एक अक्षर चुकलं तरी एरर येत नाही, गुपचूप जुनंच पान दिसतं. यादीसाठी तशीच 'आर्काइव्ह-बुक.पीएचपी'. पान उघडताना 404 (पान सापडलं नाही) आलं तर सेटिंग्जमध्ये पर्मालिंक्स (पानांचे पत्ते) उघडून काहीही न बदलता फक्त सेव्ह करा.

'प्रकाशक' हे लेबल त्याच्या फील्डमध्ये (माहिती भरायचा रकाना) मजकूर असेल तरच छापा. जुन्या पुस्तकांची माहिती अनेकदा अर्धवट असते आणि पानभर रिकामी लेबलं वाईट दिसतात. मजकूर छापताना 'ईएससी_एचटीएमएल' हे फंक्शन विसरू नका; ते मजकुरातली एचटीएमएल चिन्हं निष्प्रभ करतं.

खरी कसोटी कार्यक्रमांच्या यादीची. तारीख 05-12-2025 अशी साठवली तर क्रम दिवसाच्या आकड्यावर लागतो आणि 5 डिसेंबर हा त्याच वर्षाच्या 20 जानेवारीच्या आधी येऊन बसतो. म्हणून 2025-12-05 असं साठवा आणि पानावर दाखवताना हवं ते रूप द्या. क्रम 'प्री_गेट_पोस्ट्स' हुकमधून लावा, पण फक्त मुख्य क्वेरीवर (पानाची मूळ यादी डेटाबेसमधून आणणारी मागणी) आणि अ‍ॅडमिनच्या बाहेर; नाहीतर मेनू आणि डॅशबोर्डच्या याद्याही विस्कटतात. तारखेच्या फील्डवर क्रम लावल्यावर ज्या कार्यक्रमात ते फील्डच नाही, तो यादीत येत नाही. त्यामुळे तारीख भरणं सक्तीचं करा.

ब्लॉक थीम असेल तर टेम्प्लेट साइट एडिटरमध्ये बनतं. तिथे एकदा सेव्ह केलेलं टेम्प्लेट डेटाबेसमध्ये जातं आणि त्यानंतर थीमची फाइल कितीही बदलली तरी पानावर फरक पडत नाही. अशा वेळी त्या टेम्प्लेटचे एडिटरमधले बदल रिसेट करा, म्हणजे पुन्हा फाइल वाचली जाते.