डी४ ला काळ्यानं काय खेळायचं? आधी सी८ च्या उंटाचं बघा

बुद्धिबळात पांढऱ्यानं ई४, म्हणजे राजापुढचं प्यादं दोन घरं, टाकलं तर काळ्यानं काय खेळायचं हे आपल्याकडच्या बहुतेक पोरांचं ठरलेलं असतंय, कुणाचा सिसिलियन, कुणाचा कारो-कान, पण समोरच्यानं डी४, म्हणजे वजिरापुढचं प्यादं दोन घरं, टाकलं की घोडा एफ६ ला काढायचा आणि पुढचं पुढं बघू असा कारभार, मग बाराव्या-तेराव्या खेळीला काळ्याला हलायला जागाच उरत नाही. पोरं विचारतात, पालक विचारतात, सर कुठला डिफेन्स, म्हणजे काळ्याची ठरलेली मांडणी, चांगला? चांगले सगळेच आहेत हो. तुम्ही फक्त एक प्रश्न धरून बसा, सी८ वरचा आपला उंट कुठनं बाहेर येणार? डी४ विरुद्धच्या जवळजवळ प्रत्येक डिफेन्समध्ये याचं उत्तर वेगळं आहे, आणि ज्याचं उत्तर तुम्हाला पटतंय तो डिफेन्स तुमचा.

त्याच्या आधी एक काम करा. तुमचे काळ्यानं खेळलेले डी४ चे सगळे डाव काढा, वहीतले पण आणि ऑनलाइनचे पण, आणि पांढऱ्यानं दुसरी खेळी काय केली तेवढंच लिहून काढा. कोल्हापूर, इचलकरंजी, जयसिंगपूरकडच्या रविवारच्या रॅपिड स्पर्धांत खालच्या बोर्डांवर बघा, सी४ पेक्षा उंट एफ४, म्हणजे लंडन सिस्टीमच जास्त दिसतंय. खरा क्वीन्स गॅम्बिट खेळणारे म्हणजे वरच्या बोर्डावरचे, नाहीतर सांगली-मिरजेकडचे जुने काका लोक, ते शांतपणे सी४ टाकतात, मोहरी मारामारी करून कमी करतात आणि एंडिंगमध्ये पिळून काढतात. त्यामुळं फक्त सी४ वर चालणारा डिफेन्स पाठ करून उपयोग नाही. बुडापेस्ट गॅम्बिटचं (घोडा एफ६, मग सी४ ला ई५) तेच होतंय, त्यात घोडा डी३ ला जाऊन मात होते तो सापळा लई भारी आहे, पण समोरच्यानं दुसरी खेळी सी४ केलीच नाही तर तुमचा बुडापेस्ट घरातच राहिला.

मी नवीन पोरांना पहिल्यांदा क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्डच देतो. डी५, मग सी४ ला ई६, घोडा एफ६, उंट ई७, कॅसलिंग, झालं. यात सी८ चा उंट आपण आपल्याच हातानं कोंडतो हे खरं, आणि तिथंच लोक नाक मुरडतात. पण उपाय ठरलेले आहेत, एकतर बी६ करून उंट बी७ ला न्यायचा, नाहीतर सी४ चं प्यादं मारून योग्य वेळी सी५ किंवा ई५ ढकलायचं, आणि पांढऱ्यानं डी५ वर मारामारी केली तर आपण ई प्याद्यानं मारल्यावर उंटाची वाट आपोआप मोकळी. हा डिफेन्स मिळमिळीत आहे म्हणणाऱ्यांना सांगा, १९२७ ला ब्युनोस आयर्समध्ये कापाब्लांका आणि अलेखाइन यांची जगज्जेतेपदाची मॅच झाली, ३४ डाव, त्यातले ३२ याच ओपनिंगमध्ये.

आणि हा एक सापळा बोर्डावर मांडून बघाच. डी४ डी५, सी४ ई६, घोडा सी३ घोडा एफ६, उंट जी५, आता आपण बी८ चा घोडा डी७ ला ठेवायचा. पांढऱ्यानं डी५ वर मारलं, आपण ई प्याद्यानं परत मारलं. आता पांढऱ्याला वाटतं एफ६ चा घोडा वजिराला पिन आहे, हलला तर मागचा वजीर जाईल, म्हणजे डी५ चं प्यादं फुकट, आणि तो घोड्यानं मारतो. आपण बिनधास्त एफ६ च्या घोड्यानं तो घोडा उचलायचा. त्यानं उंटानं वजीर खाल्ला की आपला एफ८ चा उंट बी४ ला, शह! राजाला पळायला जागा नाही, वजीर डी२ मध्ये घालावाच लागतो, आपण तो शह देत घ्यायचा, राजानं आपला उंट मारला की आपल्या राजानं डी८ चा उंट मारायचा. मोजा आता, एका प्याद्याच्या बदल्यात अख्खा घोडा. पण समोरचा यात पडला नाही तरी तुमचं काही बिघडलेलं नाही, या सगळ्या नेहमीच्याच खेळ्या आहेत, म्हणून हा सापळा मी पोरांना शिकवतो, नुसत्या सापळ्यासाठी वाकडी खेळी करायला लावणारे शिकवत नाही.

उंट कोंडलेला अजिबात चालतच नसेल तर स्लाव घ्या, डी५ करून सी४ ला सी६. उंटाची वाट उघडी राहते. पण इथं घाई केली की मार बसतो. घोडा एफ३ घोडा एफ६, घोडा सी३ आणि लगेच उंट एफ५ काढला तर पांढरा डी५ वर मारामारी करून वजीर बी३ ला आणतो, बी७ चं प्यादं लटकतं, आणि बऱ्याचदा उंट गुमान परत सी८ ला आणावा लागतो. म्हणून आधी सी४ चं प्यादं मारायचं, पांढरा ते परत घेण्यासाठी ए४ करतो, आणि मग उंट एफ५. एवढा क्रम डोक्यात बसला की स्लाव खूप भक्कम. फक्त पांढऱ्यानं तिसऱ्याच खेळीला डी५ वर मारलं तर दोन्ही बाजू सारख्या होऊन बसतात, शेवटच्या राउंडला जिंकायलाच पाहिजे असेल तेव्हा ते नकोसं होतंय.

हल्ल्याची आवड असणाऱ्यांना किंग्ज इंडियन. घोडा एफ६, जी६, उंट जी७, डी६, कॅसलिंग, सेंटर त्याला घेऊ दे, मग ई५. त्यानं डी५ करून सेंटर बंद केलं की एफ६ चा घोडा बाजूला करून एफ५, पुढं जी५-जी४, तो वजिराच्या बाजूला सी५ कडं पळतोय आणि आपण त्याच्या राजाकडं. इथं सी८ चा उंट घरीच बसलेला बरा, शेवटी एच३ वर तोच जाऊन पडतो, म्हणून तो उगाच मारामारीत घालवू नका. फिशर आणि कास्पारोव्ह हे दोघंही जगज्जेते हे खेळले. पण जागा कमी असली की ज्याचा जीव घाबरा होतो त्यानं याच्या नादाला लागू नये, कारण पांढरा बी४-सी५ करून आधी पोचला तर आपला हल्ला अर्ध्यावर राहतो आणि तिकडं प्यादी जायला लागतात. पंधरा मिनिटांच्या डावात ही शर्यत मोजणं सोपं नाही.

निम्झो-इंडियन माझा स्वतःचा लाडका, म्हणजे घोडा एफ६, ई६ आणि मग उंट बी४, पण तो पांढऱ्याचा घोडा सी३ ला आला तरच मिळतो. घोडा एफ३ आला तर डी५ करून क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्डमध्येच जाता येतं, म्हणून तो आधी पक्का करा, मग पहिल्या खेळीला डी५ ऐवजी घोडा एफ६ आणि दुसऱ्या खेळीला ई६ हा क्रम लावून निम्झो वर चढवा, शिकलेलं काही वाया जात नाही. डच, बेनोनी, ग्रुनफेल्ड हे बाकीचे डिफेन्स सध्या राहू द्या.

आता लंडन. डी५ वाल्यांनी सी५ लवकर करायचं आणि वजीर बी६ ला काढायचा, कारण पांढऱ्याचा काळ्या घरांचा उंट सी१ सोडून गेलाय, बी२ राखायला कुणी नाही. नाहीतर ई६ करून आपला उंट डी६ ला ठेवायचा आणि त्याचा एफ४ चा उंटच मारामारीत काढायचा. किंग्ज इंडियनवाल्यांनी डी६ आणि बी८ चा घोडा डी७ ला ठेवून ई५ ची तयारी करायची, ते प्यादं पुढं आलं की उंटाला हलावंच लागतं. आणि कुणी सी३ ला घोडा काढून मग उंट एफ४ केला तर तो घोडा बी५ ला येऊन सी७ वर डोळा ठेवतो, तिथं निवांत ए६ करून टाका.

डिफेन्स ठरला की लिचेस या वेबसाइटवर फुकटचा ओपनिंग एक्सप्लोरर आहे, त्यात रेटिंग तुमच्याएवढं लावा आणि त्या रेटिंगचे लोक खरंच काय खेळतात ते बघून तेवढ्याच खेळ्या पाठ करा. ब्लिट्झमध्ये, म्हणजे तीन-पाच मिनिटांच्या डावात नको, पंधरा-दहाचे (पंधरा मिनिटं आणि दर खेळीला दहा सेकंद) डाव खेळा, आणि डाव झाला की इंजिन लावायच्या आधी आठवी ते पंधरावी खेळी स्वतः बघा, उंट कधी बाहेर आला आणि आल्यावर त्यानं काही काम केलं का, हे वहीत त्या डावापुढंच लिहून ठेवा.