एलेंडनची लढाई अभ्यासमंडळात कशी मांडावी

ठाण्यातील एखाद्या अभ्यासमंडळात इ. स. 825 मधील एलेंडनच्या लढाईवर अर्ध्या तासाचे व्याख्यान द्यायचे असेल, तर प्रत्यक्ष लढाईच्या वर्णनाला दोन मिनिटांहून अधिक वेळ देऊ नये. तेव्हा इंग्लंडात वेगवेगळी राज्ये होती; त्यांपैकी वेसेक्सचा राजा एगबर्ट याने मर्सियाचा राजा बेओर्नवुल्फ याचा पराभव केला आणि तेथे मोठी कत्तल झाली, एवढेच ‘अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल’ हे जुन्या इंग्लंडचे सालवार इतिवृत्त सांगते. ढाली-तलवारींच्या खणखणाटाची भर वक्त्याने पदरची घालू नये.

तयारी नकाशापासून करावी. कार्डशीटवर दक्षिण इंग्लंडची किनाररेषा काढून थेम्स नदी निळ्या शाईने ठळक करावी आणि मर्सिया, वेसेक्स व केंट यांना वेगवेगळे रंग द्यावेत. रणभूमी विल्टशरमध्ये, आजच्या स्विंडनच्या दक्षिणेस रॉटन गावाच्या परिसरात असावी असे मानले जाते. जागा निश्चित नसल्याने तेथे ठिपक्याऐवजी तुटक रेषेचे वर्तुळ काढणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

त्या वर्तुळापासून पूर्वेकडे केंटपर्यंत एक जाड बाण ओढावा, कारण विषयाचा गाभा तेथे आहे. विजयानंतर एगबर्टने आपला पुत्र एथेलवुल्फ, शेरबोर्नचा बिशप इअल्हस्टान आणि वुल्फहर्ड नावाचा सरदार यांना मोठी फौज देऊन तोवर मर्सियाच्या वर्चस्वाखाली असलेल्या केंटवर धाडले. तेथील राजा बाल्ड्रेड याला त्यांनी थेम्सपार पिटाळले आणि केंट, सरे, ससेक्स व एसेक्स वेसेक्सच्या अमलाखाली आले. ईस्ट अँग्लिया या पूर्वेकडील राज्याच्या लोकांनीही एगबर्टचा आश्रय मागितला व पुढे बेओर्नवुल्फला ठार केले. 1737 मध्ये ठाण्याचा किल्ला घेणाऱ्या मराठ्यांनी 1739 मध्ये वसई जिंकली, हे ठाणेकर श्रोत्यांना ठाऊक असतेच. एका विजयाने पुढचा मुलूख कसा खुला होतो हे सांगण्यासाठी तेवढा उल्लेख पुरेसा आहे.

क्रॉनिकलमध्ये ही लढाई 823 सालाखाली नोंदलेली आहे, त्यामुळे फळ्यावर दोन्ही साले लिहून 825 हे आज स्वीकारलेले साल असल्याचे स्पष्ट करावे. हा ग्रंथ एगबर्टचा नातू आल्फ्रेड याच्या काळात वेसेक्समध्ये सिद्ध झाला, ही गोष्टही येथेच सांगावी, म्हणजे त्यातील विजयाचा सूर कोणाचा आहे ते श्रोत्यांना कळेल.

शेवटी नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवून 829 मध्ये एगबर्टने जिंकलेला मर्सिया वेसेक्सच्या रंगाने रंगवावा आणि 830 मध्ये मर्सियाचा राजा विग्लाफ याने ते राज्य परत मिळवले असे सांगताना तो कागद उचलून घ्यावा. केंटवरचा वेसेक्सचा रंग मात्र मूळ कार्डशीटवरच भरलेला असावा, कारण तो प्रांत मर्सियाला परत मिळाला नाही.